आभाळ कोपत नसते
(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या समारंभात पालकांसमोर केलेले भाषण)



आजच्या मंगल दिनी आम्ही आपणांपुढे एक साधा विषय मांडणार आहोत. वादळ, महापूर, उष्णतेची लाट यांविषयी आपल्या पाच-सात वर्षांच्या मुलांना काय सांगावे आणि कसे सांगावे?

विषय सुचला तो एका प्रश्नामुळे. जुलै 2022 मध्ये या देशाच्या हवामान खात्याने अति उष्णतेचा लाल इशारा प्रथमच दिला. 19 जुलै रोजी लिंकनशायरमधील कॉनिंग्सबी येथे 40.3 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ब्रिटनमध्ये पारा चाळिशीपार जाण्याची ती पहिलीच वेळ. त्या आठवड्यात आमच्या घरी आलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीने विचारले, "डॉक्टरकाका, सूर्याला राग आला आहे का?" आम्ही हसून म्हणालो, "अगं, आमच्या नागपूरला मे महिन्यात याहून जास्त तापते. घाबरायचे नाही." मुलगी गप्प बसली. रात्री तिने आपल्या आईला तोच प्रश्न पुन्हा विचारल्याचे आम्हांस मागाहून कळले.

बंधू-भगिनींनो, आम्ही तिला उत्तर दिले नव्हते, केवळ गप्प केले होते. शिवाय वैद्यकाच्या दृष्टीनेही आमचे बोलणे चुकीचे होते. नागपूरकर उन्हाला सरावलेला असतो, दुपारी घराबाहेर पडत नाही, घरात कूलर असतो. इथली घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली. तान्ह्या बाळाचे व वृद्धाचे शरीर उष्णतेशी जुळवून घेण्यात उणे पडते. म्हणून तेच अंश इथे अधिक घातक ठरतात.

सूर्याला राग येत नाही, आभाळ कोपत नाही. तथागतांनी आपल्याला प्रतीत्यसमुत्पाद शिकविला: कारण असेल तर कार्य घडते, कारण नाहीसे झाले तर कार्यही नाहीसे होते. बालकाला हा जड शब्द नको; पण हा विचार त्याला सहज कळतो. हवा तापली की तिच्यात अधिक वाफ मावते, एका अंशामागे सुमारे सात टक्के. म्हणून पाऊस पडतो तेव्हा तो अधिक जोराने कोसळू शकतो. माणसाने जाळलेल्या कोळशाने व तेलाने पृथ्वी तापत आहे, हेही मुलांपासून लपवू नये. जे माणसाच्या करणीने घडले, ते माणसाच्या प्रयत्नाने आवरता येते, हा धीर त्याच वाक्यात द्यावा.

कारण समजल्याने काय साधते, ते याच देशाच्या इतिहासात पाहा. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्राचे पाणी पूर्व किनाऱ्यावर चढले. लिंकनशायरमध्ये ते संध्याकाळी घुसले, तर टेम्सच्या मुखाजवळील कॅन्व्हे बेटावर मध्यरात्रीनंतर. मध्ये कित्येक तास होते. पण पुढच्या गावांना सावध करणारी यंत्रणाच नव्हती. इंग्लंडमध्ये 307 माणसे गेली. त्यानंतर इशारा देणारी व्यवस्था उभी राहिली, आणि 1984 मध्ये टेम्सवरील अडसराचे रीतसर उद्घाटन झाले. शाळेची सहल तिथे जाते तेव्हा मुलांना ही हकीकत जरूर सांगा.

आपल्या वाडवडिलांना हे वेगळे सांगावे लागत नव्हते. अनेक गावांत आपली वस्ती गावकुसाबाहेर, ओढ्याकाठच्या सखल जागी असे. पूर आला की पहिले पाणी आपल्या चुलीत. पाऊस जात पाहत नाही हे खरे. परंतु कोणी कुठे राहायचे हे जातीने ठरविले होते. तेव्हा पुराला देवाची करणी म्हणून हात जोडणे आपल्याला परवडणारे नाही. पूज्य बाबासाहेबांनी हात जोडले नाहीत. 1943 मध्ये दामोदर नदीला महापूर आला. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. पूरनियंत्रण, सिंचन व वीज यांचा एकत्र विचार करणाऱ्या दामोदर खोरे योजनेच्या घडणीत त्यांच्या खात्याने पुढाकार घेतला, आणि 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. ही गोष्ट आपल्या मुलांना इथल्या शाळेत कोणी सांगणार नाही. ती आपणच सांगितली पाहिजे.

इंग्लंडच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून ऋतू व हवामान यांचे निरीक्षण शिकवितात. त्याला घरची जोड द्या. प्लास्टिकची बाटली कापून पर्जन्यमापक करा आणि रोजचे पाणी मुलाला वहीत लिहू द्या. वीज चमकली की सेकंद मोजावयास लावा. तीन सेकंदांना सुमारे एक किलोमीटर. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवून घरात यायचे, झाडाखाली थांबायचे नाही. पिवळा, नारिंगी, लाल या इशाऱ्यांचा अर्थ पाठ असू द्या. वाहत्या पाण्यात पाऊल घालू नये. तीस सेंटिमीटर वाहते पाणी मोटारही उचलते. उन्हाळ्यात बंद मोटारीत बाळाला क्षणभरही ठेवू नये. दूरचित्रवाणीवर प्रेतांची व पडक्या घरांची दृश्ये मात्र लहानग्यांना पुन:पुन्हा दाखवू नका. आणि मूल घाबरले तर "काही होणार नाही" असे म्हणू नका. "काय करायचे ते आपल्याला ठाऊक आहे" असे म्हणा. पहिले वाक्य एका वादळात खोटे पडू शकते, दुसरे पडत नाही.

ती मुलगी पुढे पुन्हा आमच्याकडे आली. आम्ही टेबलावर दिवा ठेवला, एक चेंडू घेतला आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यापासून दिले. तिने तीन नवे प्रश्न विचारले. त्यांतील एकाचे उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. ते आम्ही दोघांनी मिळून पुस्तकात शोधले.

बाबासाहेबांनी शिकण्याचा मंत्र दिला, तो केवळ पदव्यांसाठी नव्हे. भयाच्या जागी ज्ञान बसविणे हाही त्याचाच भाग आहे. आपल्या घरातील प्रत्येक बालकाच्या प्रश्नाला आपण खरे उत्तर देऊ, एवढा संकल्प आजच्या दिवशी करूया.

जयभीम! नमो बुद्धाय!