मुक्ताईच्या वाटेवर
(मेळाव्यातील भाषण)



मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून निघते आणि महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला पोचते. मोताळ्याकडून राजूरचा घाट चढून बुलढाणा, मग चिखली, देऊळगाव राजा, जालना, अंबड. पुढे शहागडला गोदावरी ओलांडायची. यातला जालना ते अंबड हा टप्पा मी चालले. त्याविषयीच बोलते.

आमच्या दिंडीत बायाच जास्त. कोरडवाहू शेतातली पेरणी मागे टाकून आलेल्या. काहीजणी दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या. ‘तिकडं मुकादमासाठी चालतो, इकडं आपल्यासाठी,’ एक मावशी म्हणाल्या. डोक्यावर तुळस बाईच्या, पाण्याचा हंडा बाईच्या, वीणा मात्र पुरुषाच्या गळ्यात. पालखी कुणाची? मुक्ताईची!

जालना सोडले की दोन्ही बाजूंना उघडी रानं. आडोसा म्हणाल तर एखादी बाभळ. पुरुष कुठेही उभे राहतात. बाया काय करतात? पाणी पीत नाहीत. जूनच्या उन्हात, सकाळपासून दुपारच्या विसाव्यापर्यंत, घोटभर पाण्यावर. संध्याकाळी लघवीला जळजळ, डोके दुखते, पायात गोळे येतात. डॉक्टरने विचारले तर ‘उन्हाचं असंल’ म्हणायचे. हे ऊन नव्हे. पहाटे तीनला उठायचे तेही भक्तीपेक्षा अंधारासाठी.

आमच्यातल्या दोघींनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या, कुणालाही न विचारता. विटाळाविषयी रोखठोक सवाल सोयराबाईने चौदाव्या शतकातच केला होता. तिचे अभंग वारीत म्हणतात, आणि गोळ्याही घेतात.

अंबड जवळ आले तशी मत्स्योदरीची टेकडी दिसू लागली. सगळ्याजणींचे पाय उचलले. फुगडीही झाली, साठीच्या बाईने मला हरवले.

राज्य महिला आयोगाने २०२२ मध्ये आळंदी-देहूच्या वाटेवर ‘आरोग्य वारी’ सुरू केली. चांगले झाले. पण त्या वाटेवर कॅमेरे असतात. आम्ही चाललो तेव्हा आमच्या टप्प्यावर बायांसाठी एकही फिरते शौचालय दिसले नाही. मुक्कामाची गावे ठरलेली, तारखा आधी ठरलेल्या. मग अडचण कसली?

म्हणून निवेदन तयार केले आहे: दर विसाव्याला आडोसा, पाणी, पॅड आणि एक नर्सबाई. जालना, अंबड, शहागड इथल्या मैत्रिणींनी सह्या गोळा करायच्या. कागद मागच्या टेबलावर आहेत.