गटाचा बॉक्स घेताना

हातातलं काम थांबवू नका, निवडता निवडता ऐकलं तरी चालेल. श्रावण तोंडावर आला की गटागटांतून एकच विचारणा सुरू होते. मंगळागौर आहे, भजनं आहेत, पुढे गणपती, नवरात्र, भोंडला. दर वेळी मंडपवाल्याचा सेट भाड्याने आणण्यापेक्षा गटाच्या शिलकीतून आपलाच एक लहान बॉक्स घ्यावा का? आणि घ्यायचा तर कोणता?

घ्यावा, असं माझं मत आहे. घेताना डोळ्यांसमोर एवढंच ठेवा, की गटातली सगळ्यात हळू बोलणारी बाई शेवटच्या ओळीपर्यंत शब्दांसकट ऐकू आली पाहिजे. बाकीचं सगळं त्याच्या मागून.

हे मुद्दाम सांगते, कारण दुकानात नेमकं उलटं होतं. दुकानदार मोबाईलवरचं गाणं लावतो. खाली धडधड, समोर लाल-निळे दिवे, आणि आपण म्हणतो, वा, काय आवाज आहे! अहो, रेकॉर्ड केलेलं गाणं आधीच नीट बसवलेलं असतं, ते बहुतेक बॉक्सवर बरं वाजतं. आपण घेणार आहोत तो माणसांच्या आवाजासाठी. शब्द कळतात ते स, श, च, ठ अशा बारीक, वरच्या आवाजांवर, आणि धडधड वाढली की पहिल्यांदा तेच बुडतात. मग ‘विठ्ठल’ म्हटलं की नुसतं ‘विऽल’ ऐकू येतं.

जात्यावरच्या ओव्या आठवा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ही गाणी मोठ्यानं म्हणायची नव्हतीच. पहाटे जात्याच्या घरघरीबरोबर, समोर बसलेल्या जावेला नाहीतर स्वतःलाच सांगायची. तीच ओवी मेळाव्यात स्टेजवर म्हणायची वेळ आली, की बाई ओरडायला लागते, कारण बॉक्स तिला साथ देत नाही. अर्ध्या तासात घसा बसतो. पुढच्या वेळी ती म्हणते, मी नाही बाई, दुसऱ्या कुणाला बसवा. अशी एक-एक करत गाणारी बाई मागे जाते, आणि माईक ज्यांचा आवाज मुळात मोठा आहे त्यांच्याकडेच राहतो. दहा-बारा हजार रुपये घालायचे तर ते हे थांबवायला घालावेत.

आता वॅटचं बघू. खोक्यावर हजार वॅट, दोन हजार वॅट असे आकडे असतात. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत ‘पीएमपीओ’ लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्या, तो जाहिरातीचा आहे. ‘आरएमएस’ पुढचा आकडा विचारा, तो खरा. आणि वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. वीसऐवजी चाळीस वॅटचा घेतलात तर कानाला जरासाच फरक कळतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. देवळाच्या सभामंडपात किंवा अंगणात पन्नास-साठ बाया बसणार असतील तर आरएमएसचे तीस ते साठ वॅट पुरे होतात. एवढा बॉक्स एका बाईला उचलून एसटीत चढवता येतो, हेही बघायला हवंच.

बाजारात तुम्हाला साधारण तीन तऱ्हा दिसतील. एक, चाकांचा ट्रॉलीवाला बॉक्स, ब्लूटूथचा. स्वस्त पडतो, पण बरेचसे धडधडीसाठीच बनवलेले असतात, आणि सोबत दिलेला माईक हलका असतो. दुसरी तऱ्हा म्हणजे वेगळा अॅम्प्लिफायर आणि वर भोंगा. भोंगा लांबवर सूचना द्यायला चांगला, गाण्याला कर्कश. तिसरी तऱ्हा लहान आणि एकसंध असते. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच खोक्यात, मागे किंवा वर दोन-तीन वायरी लावायची भोकं, आणि प्रत्येक भोकाला आवाज, बेस आणि ट्रेबलचं आपापलं बटण. ही शेवटची बघा. बेस कमी करता येत नसेल, तर तो बॉक्स कितीही देखणा असला तरी परत फिरा.

गिटारचंही विचारलं आहे काही जणींनी. वसईकडच्या ख्रिस्ती वस्त्यांत आणि गोव्यात गिटार घरचीच, पण आता इकडेही कॉलेजात जाणाऱ्या मुली भजनाला गिटार घेऊन बसतात. छान वाटतं ऐकायला. साध्या लाकडी गिटारला वायर लावायची सोय नसेल तर तिच्यासमोर माईक धरावा लागतो. तो मधल्या गोल भोकासमोर धरला तर नुसतं घुमतं. दांडा जिथे पेटीला मिळतो तिथे, वीतभर अंतरावर धरा. गिटारमध्ये पिकअप असेल तर जाड पिनेची वायर थेट बॉक्सला लागते. पण ती माईकच्या भोकात घालू नका, आवाज पातळ आणि किरकिरा येतो. तिच्यासाठी ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘गिटार’ लिहिलेलं वेगळं भोक असलेला बॉक्स हवा. कार्यक्रम झाला की गिटारमधून पिन काढून ठेवायला मुलीला सांगा. बहुतेक गिटारींमध्ये पिन लावलेली राहिली की आतली नऊ व्होल्टची बॅटरी उतरत राहते. आणि इलेक्ट्रिक गिटारचा अॅम्प्लिफायर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. तो वरचे बारीक आवाज दाबतो, त्यावर गाणं घोंगडीतून आल्यासारखं येतं.

पेटीला सभामंडपात बहुधा माईक लागत नाही. मोकळ्या मैदानात लावलाच तर भात्यापासून दूर, नाहीतर सुरांआधी फुसफुस ऐकू येते. टाळ आणि ढोलकीला माईक देऊ नका. ती वाद्यं स्वतःचं बघून घेतात!

पैसे मोजताना सगळे बॉक्सवर उडवू नका. चौथा हिस्सा माईक, वायर आणि स्टँडसाठी बाजूला काढा. वायरीचा साधा डायनॅमिक माईक घ्या. त्याला बॅटरी लागत नाही, आणि पडला तरी सहसा टिकतो. बिनवायरीचा माईक दिसायला सुटसुटीत, पण ऐन आरतीत त्याचा सेल संपतो. माईक दोन पुरे. चार बायांनी एका माईकभोवती अर्धगोल करून बसावं. जितके माईक चालू, तितकी शिट्टी लवकर.

आता दुकानात जाऊ. एकटीनं जाऊ नका, तिघी जा. एक मोठ्या आवाजाची, एक हळू आवाजाची, आणि तिसरी नुसती ऐकायला. पेटी नाहीतर गिटार जी वाजवणार असाल ती सोबत न्या. पहिल्यांदा दुकानदाराला मोबाईलचं गाणं बंद करायला सांगा. मग एको शून्यावर आणि बेस मधल्या खुणेच्या खाली. एको असला की कुणाचाही आवाज गोड वाटतो, आणि शब्द मात्र एकमेकांवर चढतात. मग ऐकणारीनं दुकानाबाहेर वीस-पंचवीस पावलांवर वही घेऊन उभं राहायचं. हळू आवाजाच्या बाईनं गटातल्या बायांची नावं वाचायची, रोजच्या आवाजात, ओरडायचं नाही. पण वहीतल्या क्रमानं नको, उलटसुलट करून. बाहेर किती नावं बरोबर लिहिली गेली ते मोजा. हाच प्रकार दुसऱ्या बॉक्सवर करा. दुकानदार हसेल, हसू द्या.

त्यानंतर आवाजाचं बटण तीन चतुर्थांश फिरवा आणि कुणी काही बोलू नका. नुसतीच सरसर किंवा घूं असा आवाज किती येतो ते ऐका. शांत भजनात तोच सगळ्यात जास्त त्रास देतो. बिल पक्कं घ्या, वॉरंटीच्या कागदावर तारीख आणि शिक्का घ्या.

शिट्टीबद्दल थोडं सांगते, कारण तिला घाबरूनच बाया माईकला हात लावत नाहीत. माईकमध्ये शिरलेला आवाज बॉक्समधून बाहेर येतो, तो पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो. हे चक्र म्हणजे शिट्टी. म्हणून बॉक्स गाणाऱ्यांच्या पुढे, एका बाजूला, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवायचा. गाणाऱ्या त्याच्या मागे. शिट्टी आली की पुष्कळ जणी घाबरून माईकची जाळी मुठीत धरतात. त्यानं शिट्टी वाढते, कारण जाळी झाकली की माईक सगळ्या बाजूंनी आवाज घ्यायला लागतो. दांडा धरा, तोंडापासून दोन-तीन बोटांवर. ‘पांडुरंग’ म्हणताना ‘प’चा फटका बसत असेल तर माईक जरा तिरका करा. आणि बॉक्स जमिनीवर नको. टेबलावर किंवा स्टँडवर, बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर राहील असा ठेवा. पुढच्या ओळीच्या अंगांत आवाज जिरतो आणि मागच्यांना काही पोचत नाही. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते, म्हणून बाया पांगून बसल्या असतील तर बटण पिळण्याआधी त्यांना जवळ बोलवा.

विजेचं बोलायला हवं. लाईटचा भरवसा नसेल तर आत बॅटरी असलेला बॉक्स घ्या. त्यात लेड-अॅसिड बॅटरी असेल तर कार्यक्रम नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करा. चार महिने रिकामी पडून राहिली तर ती मरते. विजेवर लावताना पिनेचा तिसरा, अर्थिंगचा पाय कापू देऊ नका. सॉकेटमध्ये बसत नाही म्हणून तो कापणारे बहाद्दर गावोगाव आहेत. माईक धातूचा, गिटारीच्या तारा धातूच्या, पाय ओल्या मंडपात. मुंग्या आल्यासारखं झालं तर तिथेच बंद करा, चप्पल घालून पुढे चालू ठेवू नका.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम आपल्यालाही लागू आहेत. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्या भोवतालचा 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र असू शकतो. उघड्यावर कार्यक्रम असेल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या आणि परवानगीचा कागद जवळ ठेवा.

राहिला प्रश्न बॉक्स कुणाच्या घरी राहणार. हा बैठकीतच सोडवा, नाहीतर गणपतीत तो भावाचा, दिराचा, त्यांच्या मित्राचा होऊन वरातीत जातो. तिथे आवाज फाटायला लागला तरी बटण मागे येत नाही, आणि आतला स्पीकर जळतो. तेव्हा ठराव लिहा. बॉक्स तीन-तीन महिने एकेकीकडे राहील. घेताना आणि देताना वहीत सही होईल, वायरी मोजल्या जातील. दुसऱ्या गटाला द्यायचा तर भाडं ठरलेलं, ते गटाच्या खात्यात. आणि बॉक्स कुठेही गेला तरी त्याच्यासोबत गटातली एक बाई जाईल, आवाजाचं बटण तिच्या हातात राहील.