बावड्याचे जन्मघर



आपल्या शिवाजी पेठेतून कसबा बावडा काही दूर नाही. पाहुणे आले की आपण त्यांना हौसेने नव्या राजवाड्यात नेतो; तेथील शस्त्रे, पेंढा भरलेली जनावरे पाहून मुले हरखून जातात. बावड्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात, राजर्षी शाहूंच्या जन्मस्थळी, मात्र निराळ्या मनाने गेले पाहिजे.

२६ जून १८७४ रोजी तेथे जन्मला तो कागलकर घाटग्यांचा यशवंतराव. जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब आणि राधाबाई यांचा मुलगा. १७ मार्च १८८४ रोजी आनंदीबाईसाहेबांनी त्याला दत्तक घेतले, तेव्हा तो शाहू झाला. राज्यकारभार हाती आला २ एप्रिल १८९४ रोजी.

आता कोणी शंका काढील, की जन्मावरून माणसाची पायरी ठरवण्याविरुद्ध ज्याने आयुष्य वेचले, त्याचे स्मारक जन्मघरात कशाला? शंका रास्त आहे. आम्हांला वाटते, तिचे उत्तर त्या घरातच आहे. जन्माने आणि दैवाने महाराजांना काय काय दिले, ते तेथे उभे राहिले की कळते. इतके मिळूनही १८९९ साली वेदोक्ताच्या प्रकरणात प्रत्यक्ष छत्रपतींच्या जन्माचीच चौकशी झाली! राजवाड्यात राहणाऱ्याची ही गत, तर गावकुसाबाहेरच्याची काय असेल? महाराजांनी हा प्रश्न स्वतःच्या अपमानापाशी थांबू दिला नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे.

१९०१ पासून त्यांनी जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. महाराज विलायतेत असताना २६ जुलै १९०२ चा हुकूम प्रसिद्ध झाला, आणि रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. गंगाराम कांबळे यांच्या दुकानात महाराज स्वतः चहा घेत. मग इतरांना सबब कोठली उरणार? मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण आंबेडकरांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून गौरविले. ६ मे १९२२ रोजी ते गेले, तेव्हा वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

म्हणून आमची एक साधी सूचना आहे. मुलांना बावड्याला न्या, पण सहल तेथेच संपवू नका. परतताना एखादे वसतिगृह दाखवा आणि १९०२ च्या हुकुमाची हकीकत त्यांना तुमच्या शब्दांत सांगा. वास्तूची निगा सरकार राखील. तिच्यातल्या माणसाची ओळख करून देणे हे आपले काम आहे. आणि घरी आल्यावर आपल्या तालमीच्या, मंडळाच्या कारभारात कोणाकोणाला जागा आहे, कोणाला नाही, याची एकदा मोजदाद करा. महाराजांनी दरबारात ती केली होती. आपल्याला ती पेठेत करायची आहे.