पेरणाऱ्याचं नाणं



1923 साली रशियात पाडलेलं एक सोन्याचं नाणं आहे, चेर्वोनेत्स. त्यावर राजा नाही, सेनापती नाही. शेतात बी पेरत चाललेला एक शेतकरी आहे. हे चलन ज्यांनी उभं केलं, त्या ग्रिगोरी सोकोल्निकोव्ह यांच्याविषयी मला आज बोलायचं आहे.

1922 साली ते सोव्हिएत सरकारचे अर्थमंत्री झाले, तेव्हा वय होतं चौतीस. हद्दपारीत असताना पॅरिसला अर्थशास्त्र शिकलेले. खजिन्यात खडखडाट होता. यादवी युद्धाच्या खर्चासाठी नोटा छापल्या होत्या आणि छापणं थांबतच नव्हतं. कामगाराला पगार धान्याच्या रूपात मिळे. पैसा नाहीसा होतोय हे बरंच झालं, असं मानणारेही पक्षात होते. सोकोल्निकोव्ह यांना मात्र दिसत होतं, की नोटेवर भरवसा नसेल तर शेतकरी धान्य बाजारात आणणार नाही आणि शहर उपाशी राहील.

म्हणून स्टेट बँकेने चेर्वोनेत्सचीच नवी नोट काढली. एका चेर्वोनेत्सची किंमत 7.74 ग्रॅम शुद्ध सोनं. नोटांच्या चौथ्या हिश्शाला आधार सोन्याचा, इतर मौल्यवान धातूंचा आणि भक्कम परकी चलनाचा. उरलेल्याला आधार चटकन विकता येणाऱ्या मालाचा आणि अल्पमुदतीच्या हुंड्यांचा. जुन्या नोटाही वर्षभराहून अधिक काळ सोबत चालल्या आणि रोज घसरत राहिल्या. त्याची झळ खेड्याला जास्त लागली, हे सांगायलाच हवं. 1924 मध्ये हिशेब मिटला. अगदी सुरुवातीचे पाच हजार कोटी रुबल द्या, एक नवा रुबल घ्या!

नोटा छापून तूट भरायला त्यांचा कडवा विरोध होता. प्रत्येक खात्याला हात आखडता घ्यायला लावणारा माणूस कुणाला आवडणार? पण अर्थमंत्र्याचं खरं काम तेच, असं मला मनापासून वाटतं.

डिसेंबर 1925 च्या पक्ष अधिवेशनात, सरचिटणीसपदी स्टालिनच असले पाहिजेत असं नाही, हेही ते उघड बोलले. महिन्याभरात खातं गेलं. पुढे लंडनला राजदूत, मग अटक, 1937 च्या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा. 1939 च्या मे महिन्यात तुरुंगातच त्यांचा खून झाला.

1975 पासून सोव्हिएत सरकारने तेच पेरणाऱ्याचं नाणं पुन्हा पाडायला घेतलं. सोकोल्निकोव्ह तेव्हाही सरकारदप्तरी गुन्हेगार होते. ते निर्दोष ठरायला 1988 साल उजाडलं.