गाईडातली ओळ

दोस्तांनो, मी मॅट्रिक. दिवसा गोदीत माल चढवतो-उतरवतो, रात्री वस्तीतल्या नववी-दहावीच्या पोरांना इतिहास शिकवतो. गाईडात एक ओळ आहे : १४९८ साली वास्को द गामाने भारताचा जलमार्ग शोधला. एक पोरगी म्हणाली, दादा, मग अरब आधी कुठल्या वाटेनं यायचे?

तिथंच गाईड मिटलं. खडू घेतला. मालिंदीला गामाला वाटाड्या मिळाला, पावसाळी वारा मिळाला. २३ दिवसांत कालिकतचा मुलूख. वाट कुणी शोधली? आणि कालिकतला पहिलं पाऊल साहेबाचं नव्हतंच. धोक्याच्या जागी आधी ढकलायला जहाजांवर शिक्षा झालेले कैदी आणले होते. त्यातला एक उतरवला. त्याला भेटले ट्युनिसचे दोन मुसलमान, त्याला कळेल अशी भाषा बोलणारे! सफरीची रोजनिशी लिहिणाऱ्यानं त्या कैद्याचं नाव लिहिलेलं नाही.

परतताना वारा उलटा. तोच दर्या पार करायला जवळजवळ तीन महिने. हिरड्या सुजून खलाशी पटापट मेले. हात पुरेनात म्हणून ‘साव राफाएल’ हे आख्खं जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळलं. हे मला गोदीवाल्याला बरोब्बर कळतं. १५०२ ला हाच गामा मक्केहून येणारं यात्रेकरूंचं जहाज लुटून माणसांसकट पेटवतो. गाईडात तेही नाही.

पण परीक्षेत काय लिहायचं? मी सांगतो, गाईडातलीच ओळ लिहा. नापास झालात तर गोदी आहेच. हे सांगताना लाज वाटते, दोस्तांनो. तरी सांगतो.