स्वागताध्यक्षीय भाषण: उपशामक सेवेतील संशोधनाचा कस



पॅलिएटिव्ह केअरमधील संशोधनाची परिषद मुंबई-पुणे सोडून सोलापुरात कशाला, असे काहींनी विचारले. उत्तर इथून सत्तरेक किलोमीटरवर, बार्शीत आहे. 1987 मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. खेड्यातला रुग्ण रुग्णालयाच्या कागदावर येईलच असा भरवसा नव्हता, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले आणि रुग्णांच्या नोंदी केल्या. त्याच पायावर बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल रुग्णालय आणि टाटा मेमोरियल यांच्या सहभागाने शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास उभा राहिला. सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हा त्याचा निष्कर्ष 2009 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने छापला. तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावर पुढे कडक टीका झाली. तीही या इतिहासाचा भाग आहे आणि ती आपण विसरता कामा नये.

आपल्या क्षेत्रात मात्र आपण स्वतःला एक सवलत देत आलो आहोत. रुग्ण थकलेला, दिवस थोडे, काही जण मधेच जाणार. तेव्हा अभ्यास जेमतेमच व्हायचा, असे आपण धरून चालतो. मला हे मान्य नाही. ज्याच्याकडे दिवसच थोडे आहेत, त्याचा अर्धा तास आपण प्रश्नावलीसाठी मागतो. त्यातून काहीच निष्पन्न होणार नसेल, तर तो अर्धा तास आपण त्याच्या घरच्यांपासून हिरावून घेतला.

चोख अभ्यासाने काय होते? रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असूनही धाप लागणाऱ्या 239 रुग्णांना नळीतून कुणाला ऑक्सिजन, कुणाला साधी हवा दिली. आरामात फरक पडला नाही. 2010 मध्ये लॅन्सेटने हे छापले. अशाच रुग्णासाठी भाड्याने सिलिंडर आणून कर्जात गेलेली घरे आपण पाहिली आहेत. टाटामधला 2020 चा अभ्यास तर थेट आपल्या ओपीडीतला वाटावा असा. डोके-मानेचा बरा न होणारा कर्करोग असलेल्या 422 रुग्णांत मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरल्या. मध्यक आयुर्मान 6.1 ऐवजी 7.5 महिने. तंबाखूने तोंड पोखरलेल्या आपल्या रुग्णाला याचा अर्थ वेगळा समजावावा लागत नाही.

आणखी एक. लवकर पॅलिएटिव्ह केअर सुरू केली की फायदा होतो, हे बोस्टनमधल्या अभ्यासाने 2010 मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगात दाखवले. टाटामध्ये डोके-मानेच्या कर्करोगात तेच करून पाहिले, तेव्हा तो फायदा दिसला नाही; आणि त्यांनी ते छापले. मला तो पेपर यशस्वी पेपराइतकाच मोलाचा वाटतो.

आता आपल्या दारातला प्रश्न. मुलगा दाराबाहेर गाठून हळूच म्हणतो, "डॉक्टर, आईला काही सांगू नका." मग त्या आईची संमती कोणी दिली? फॉर्मवर अंगठा तिचा, माहिती मात्र मुलाला. पुढे वेदनेचा आकडा विचारला की उत्तरही मुलगाच देतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. प्रश्नावली मराठी छापील. आईला आठ वाटत असते, मुलगा चार सांगतो, आणि तो चार आपल्या तक्त्यात आईच्या नावावर बसतो. अशा शंभर तक्त्यांवर कितीही उत्तम संख्याशास्त्र चालवा, पाया कच्चाच राहणार. यावर तोडगा अवघड नाही: रुग्णाला किती माहीत आहे आणि उत्तर कोणी दिले, एवढे दोन रकाने प्रत्येक अभ्यासात हवेत. पण त्यासाठी आधी त्या माउलीशी बसून, तिच्या भाषेत बोलावे लागेल.

सोलापूरचे ऊन आणि शेंगाचटणी-भाकरी दोन्ही आपल्याला भरपूर मिळतील. व्यवस्थेत काही उणे राहिले तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्काने सांगा.

यजमान म्हणून एकच मागणे आहे. एकेका महाविद्यालयाकडे रुग्ण अपुरे पडतात, म्हणून वर्षानुवर्षे तीस-तीस रुग्णांचे प्रबंध होतात आणि कपाटात राहतात. सोलापूर, मिरज, लातूर, अंबाजोगाई यांनी एकच प्रश्न, एकच आराखडा घ्यावा, सीटीआरआय या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत आधी नोंदवावा आणि निकाल काहीही आला तरी छापावा. परिषद संपवून गाडीत बसण्यापूर्वी तो प्रश्न कोणता, हे ठरवून जा.