घडीची स्कूटर आणि क्रूझचा प्रवास
चालण्यास त्रास होणाऱ्यांसाठी बनवलेली, बॅटरीवर चालणारी घडीची स्कूटर क्रूझवर नेता येते. मात्र जहाजातील कॉरिडॉर ही आणीबाणीत सुटकेची वाट असल्यामुळे ती तेथे उभी करू देत नाहीत, तर केबिनमध्येच ठेवून चार्ज करावी लागते. साध्या केबिनचे दार बहुधा जेमतेम 55 ते 60 सेंटिमीटर रुंद असते, त्यामुळे घडीचा खरा उपयोग या उंबऱ्याशीच कळतो. बंदरापर्यंत विमानाने जायचे असल्यास बॅटरीची ऊर्जाक्षमता, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार, पाहावी लागते: 24 व्होल्ट व 10 अँपिअर-तासांची बॅटरी 240 वॅट-तासांची ठरते, आणि काढता येणाऱ्या एका लिथियम बॅटरीची मर्यादा 300 वॅट-तास असल्याने ती विमान कंपनीच्या पूर्वसंमतीने हातसामानात नेता येते. खरी अडचण, जिचा उल्लेख रंगीत माहितीपत्रकांत क्वचितच सापडतो, ग्रीसमधील सँटोरिनीसारख्या ठिकाणी येते. तेथे जहाज धक्क्याला न लागता समुद्रातच थांबते, प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात, हेलकावणाऱ्या बोटीत स्कूटर चढवण्यास नकार मिळू शकतो, आणि ती उतरलीच तरी कड्यावरच्या फिरा गावापर्यंत केबल कार किंवा शेकडो पायऱ्या उरतातच.